बूड टेकायची जागा

कुह्मोच्या उत्तरेला डांबर संपतं, तिथं ताइस्तोकाकाचं दुकान.
पाटी नाही. ज्याला यायचं त्याला धुराडं ठाऊक असतं.

मूसच्या शिकारीला आठवडा उरलेला,
तेव्हा आर्मास केम्पाइनेन आला
रायफल लोकरी चादरीत गुंडाळून.
टेबलावर त्यानं आधी एक कागद पसरला.
पाच भोकं, पाच दिशांना,
वाटणीवरून बोलणं टाकलेल्या भावांसारखी.
"हात गेले माझे," तो म्हणाला.

काकानं हातांकडे पाहिलंच नाही.
पुढचा स्क्रू सैल केला, आवळला, पुन्हा सैल केला,
आणि माझं बोट धरून
नळी न् दस्त्याच्या फटीवर ठेवलं.
काहीतरी हललं. केसाइतकं.
झोपलेल्यानं कूस बदलावी तसं.

"हे रिसीव्हर लेथवर फिरवून काढलेलं.
काम सोपं, स्वस्त, दिसायलाही देखणं.
पण बूड गोल.
गोळी उजवा पीळ घेत सुटते,
रायफल तितक्याच हट्टानं डावीकडे वळू बघते.
सपाट बुडाचं असतं तर मांड ठोकून बसलं असतं.
हे कलतं,
आणि परतून त्याच जागी बसेल, याची हमी नाही."

"मग सगळे सपाटच का नाही घडवत?"
एकोणीस वर्षांची होते, असलं विचारायचे.
"अक्रोडात सपाट खाच कोरून दाखव.
कोपऱ्यात एक कुसळ राहू दे,
अख्खं पोलाद त्याच्यावर अडून उभं राहील.
गोलाचं बरं असतं,
जिथं नीट धरशील तिथं गप्प बसतं."

मग धरायचं काम.
दस्त्याच्या आत, शेजारणीनं चमचा फिरवावा तशी
छिन्नी फिरली; जुनं तेल प्यालेलं लाकूड निघालं.
स्क्रूच्या भोकांत मऊ माती.
धक्का झेलणाऱ्या दाताला पुढून, खालून, दोन्ही अंगांनी टेप;
मागची बाजू तेवढी उघडी,
कारण मार तिनंच खायचा.
पोलादाला बुटाचं पॉलिश, दोन हात,
"विसरलीस तर ही दोघं जन्माची चिकटतील."
मग इपॉक्सी, राखाडी, खिरीसारखं घट्ट.
रिसीव्हर आत उतरवलं आणि कडेनं जे वर आलं
ते काकानं कापसाच्या बोळ्यानं टिपलं,
बाळाचं तोंड पुसावं तसं, न बोलता.
रात्रभर शेगडीत लाकडं घालायचं काम माझ्याकडे.

सकाळी लाकडी हातोडीचा एक ठोका, आणि सुटलं.
आत रिसीव्हरचा पूर्ण ठसा:
लेथच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या.
नळीखालून कागदाची पट्टी शेवटपर्यंत सरकली,
कुठं अडली नाही.

खडीच्या खाणीत, शंभर मीटरवर,
काका पाच गोळ्या झाडून उठला.
एका युरोच्या नाण्याखाली झाकतील अशी भोकं.
मग आर्मास आडवा झाला.
तीन एकमेकांना लागून. चौथी दूर.
पाचवी कागदावर नव्हतीच.

वारा पडला होता. वाऱ्यावर ढकलता आलं नसतं.
मी काकाकडे पाहिलं:
आता काहीतरी बोल ना, खोटं का होईना.
तो रिकामी काडतुसं वेचत राहिला.

आर्मासनं दोन्ही कागद शेजारी धरले, बराच वेळ.
"म्हणजे थोडं लाकडाचं होतं
आणि थोडं माझं."
"लाकडाचं मी बघितलं," काका म्हणाला.
आर्मास हसला, एकदम, खोकला येईपर्यंत.
ठरलेले पैसे दिले, वर एक पाइक मासा,
वर्तमानपत्रात, शेपूट बाहेर.

त्या वर्षी तो कुत्री घेऊन रानात गेला, खांद्यावर काही नाही.

एप्रिलात तीच चादर पुन्हा टेबलावर.
या वेळी त्याची नात विल्या,
मनगटं बारीक, नखांत बोटीचा रंग.
"आजोबा म्हणतात, मला लांब पडते."
काकानं दस्ता तिच्या खांद्याला लावला,
कोपराच्या खोबणीपर्यंत मापला,
मागून दोन बोटं लाकूड कापलं.
मी विचारलं, आत एकदा बघायचं का?
"कशाला?" तो म्हणाला,
"बसलंय ते."