डब्ल्यू चौदा

पगार अकरा हजार चारशे, कंत्राटी.
खोली जिन्याखाली, डिचोलीच्या इस्पितळात.
खिडकी एकच, तिच्यातून माणसांचे पाय दिसतात,
घाईचे, आणि ज्यांना आता घाई उरली नाही तेही.

पिएदादबाय एकतीस वर्षं इथं आहे.
फाईल तिला वासावरून कळते:
ही छताखाली भिजलेली,
ही वाळवीतून वाचलेली,
ही कोर्टात जाऊन आलेली.
पदवी नाही तिच्याकडे.
ती निवृत्त झाली की खुर्चीवर
पदवी बसणार,
तसं परिपत्रक आलंय. तिनंच ते फाईलला लावलं,
जावक क्रमांक तपासून.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी
रद्द केसपेपरच्या पाठीवर
आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा भाव काढते.
मंगळूर: तीन वर्षं, साडेचार लाख, वसतिगृह वेगळं.
वेगळं म्हणजे किती, ते फोनवर सांगत नाहीत.
बेळगाव: स्वस्त. संगणक किती, विचारलं
तर म्हणाले, मॅडम, आधी प्रवेश घ्या.
पुण्याचं एक, घरबसल्या, हप्त्यानं, बॅग मोफत.
बाबांनी विचारलं, बॅग कशी आहे?
बाबा असंच विचारतात,
ट्रक गेल्यापासून.

खाणी बंद झाल्या तसा तो दारात उभा होता.
हौद्यात लाल माती आयतीच होती,
आईनं अळू लावलं.
कितीतरी वर्षं आम्ही ट्रकमधलं फदफदं खाल्लं.
गेल्या महिन्यात भंगारवाला आला:
एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार, अळूसकट.
माझी पदवी
याच्या आत बसायला हवी.

पिएदादबायला कागद दाखवला.
चष्मा पुसला तिनं, आकडे पाहिलेच नाहीत.
"फी विचारूं नाका गो," म्हणाली,
"फी ते आपणहून सांगतात.
विचार, पोरांच्या हातात फाईल कधी देतात?
तिसऱ्या वर्षी म्हणाले, तर ते फुकटसुद्धा महाग."
मला वाटलं, म्हातारीचं बोलणं.

मग शनिवारी झिलू माजिक आला,
पाडेली, माडावरून पडलेला.
माडावरून पडण्यालाही आकडा आहे: डब्ल्यू चौदा.
माड, आंबा, फणस, पडणाऱ्याला सारखंच.
मी फाईल काढली, वर पाठवली.
बाय मात्र कपाटाशीच थांबली,
ओठ हलवत, झ, ज, झ, ज.
आणि खालच्या खणातून ओढून काढला
दुसरा एक जिलू, तेच गाव, तोच बाप,
आत लाल शाईत: पेनिसिलिन देऊ नये.

लिफ्ट तळमजल्यावर नव्हती.
एकसष्टीला टेकलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेली ती बाई
जिन्यावरून धावलेली
मी खालून ऐकली.
इंजेक्शन भरलेलं होतं, म्हणे.
ती परत आली, पाणी प्यायली,
सुई-दोरा काढून दोन्ही फायली एकात शिवल्या
आणि म्हणाली, भाकरी खा, निवली.

सोमवारी मी हुबळीला फोन लावला,
यादीत शेवटचं कॉलेज, जाहिरात नसलेलं.
म्हटलं, फी नंतर सांगा. फाईल हातात कधी देता?
पलीकडे शांतता.
रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, चपला दूर गेल्या,
बऱ्याच वेळानं परत आल्या.
पहिल्या सत्रापासून, म्हणाला तो. सरकारी इस्पितळात. दर गुरुवारी.

एक लाख शहाण्णव हजार. आठ कमी पडतात.
तो हिशेब दुसऱ्या कुठल्यातरी कागदाच्या पाठीवर.
या कागदावर आता जागा नाही, मी
मोठ्या अक्षरात
गुरुवार लिहून ठेवलाय.