कर्मणी प्रयोग

सोमवारी पितळी घंटा खिळ्यावर नव्हती.
शिपाई गोडमलेनं थाळीवर उलथनं वाजवून
शाळा भरवली.

मी कोणाचं नाव घेतलं नाही.
हे मी मुख्याध्यापकांना सांगितलं, मग ठाणेदाराला,
आणि रात्री उशीला.
मी फक्त पाहिलं,
तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ,
पारधी बेड्यावरून येणाऱ्या बिजली पवारकडे.
वर्गात एकतीस पोरं.
तीस माना माझ्या नजरेमागून वळल्या
वखरामागं बगळे यावेत तशा.

"मॅडम, म्या नाई नेली जी."
मी तर विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी जीप बेड्यावर गेली.
तिला तो रस्ता पाठ आहे.
ठाण्यातल्या वहीत बिजलीच्या आजाचं नाव,
त्याखाली बापाचं,
त्याखाली एक कोरी ओळ.
गुन्हा व्हायचाय अजून,
रेघ आखून तयार.
झरक्या पवार दोन रात्री आत होता.
तिसऱ्या दिवशी लंगडत परतला.
सायकल परत मिळाली नाही.

गुरुवारी घंटा सापडली.
शाळा समितीचे अध्यक्ष, बाबारावजी ठोंबरे,
सप्ताहाच्या काकड्याला घेऊन गेले होते.
"सांगाचं राहूनच गेलं पाहा मॅडम,"
आणि सोबत बुंदीचा पुडा.
सगळे हसले.
मीही बुंदी खाल्ली. गोड होती.

दुपारी सातवीला प्रयोग शिकवायचे होते.
फळ्यावर लिहिलं:
अध्यक्षांनी घंटा नेली.
हा कर्मणी. कर्ता कोणीही असो,
घंटा स्त्रीलिंगी, क्रियापद तिच्या मागून चालतं.
ठोंबऱ्यांनी नेली. गोडमलेनं नेली. झरक्यानं...
इथं मागच्या बाकावरून कोणीतरी
सहज, अगदी पाढ्यासारखं म्हणालं,
"चोरली."
व्याकरणात बसत होतं.
मला चूक दाखवता येईना.

मग आठवलं माझं वाक्य.
मी फक्त पाहिलं.
तो भावे प्रयोग.
क्रियापद ना कर्त्याचं ऐकतं ना कर्माचं,
एकटंच उभं राहतं, हात झटकून.

खडू ठेवला. वह्या तपासायला घेतल्या.
लाल पेन टेबलावर नव्हतं.
आत्ता तर होतं इथं.
मान वर झाली, वळली
तिसरी रांग, खिडकीजवळ.

बाक सोमवारपासून रिकामा होता.