अठरा किलो

मंगळवारी इद्वलने न सांगता भांडी घासली.
बुधवारी माझ्या बुटांना पॉलिश.
गुरुवारी होलीहेडच्या बंदरावरून, बोटीची इंजिनं आवरून येताना
ट्यूलिप आणले, पेट्रोलपंपावरचे,
किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.
नमनाला एवढं घडाभर तेल
या माणसाने एकतीस वर्षांत एकदाच ओतलं होतं,
त्याची आई आमच्याकडे राहायला येणार होती तेव्हा.

मी काही विचारलं नाही.
चहात दूध घातलं, थांबले.

"एक गाडी आहे," तो लोणी लावता लावता
पावाला म्हणाला.
पाव गप्प.
"रस्त्यावरची नाही तशी. ट्रॅकवरची.
नंबरप्लेट नाही, हीटर नाही,
रेडिओ नाही, मागची सीट नाही…"
मध्यस्थाने स्थळ सांगावं तसा सांगत होता:
मुलाला व्यसन नाही, कर्ज नाही, घरात नणंद नाही.

"किती?"
"साडेचार हजार पौंड. टायरांसकट."
मी स्वयंपाकघराच्या खिडक्यांकडे पाहिलं.
दोन चौकटी कुजलेल्या. त्यानेही पाहिलं.
टायरांसकट, तो पुन्हा म्हणाला, जरा हळू.

मी रात्रपाळीला ॲम्ब्युलन्सचे फोन घेते.
लोक आधी किंचाळतात, मग रस्ता सांगतात,
मग वळण, मग गाडीचा रंग.
रंग कशाला सांगतात कोण जाणे.
छाती हलतेय का बघा, मी म्हणते,
याच आवाजात, ज्यात मीठ मागते.
हे इद्वलला माहीत आहे. म्हणून तयारी करून आला होता:
हेल्मेट, लोखंडी पिंजरा, झेंडेवाले, मैदानावर डॉक्टर.
गॅसच्या बिलामागे त्याने पेनने ट्रॅक काढला,
बेटाची पश्चिम कड, हा उतार, इथे समुद्र दिसतो,
आणि मग बिलावरून मान न उचलता म्हणाला,
"समोरून कोणी येत नाही, नेरिस.
सगळे एकाच दिशेने जातात."

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.
त्या रात्री तरी नव्हतं.

शनिवारी बोडेडर्नला गेलो बघायला.
शेडमध्ये मेंढ्यांच्या खाद्याची पोती, त्यांच्या आड ती.
विकणारा पोरगेला, गेथिन नावाचा,
कडेवर चार महिन्यांचं बाळ, खांद्यावर ओकारीचा डाग.
बोनेटवरून हात फिरवताना बाळाचाच हात फिरवत होता.
दारात त्याची बायको उभी.
तिच्या होकाराची मुदत संपली होती, उघडच होतं.
आम्ही एकमेकींना मान हलवली.

मी वाकून आत पाहिलं.
एकच सीट. शेजारी उघडा पत्रा,
बोल्टांची चार भोकं,
त्यांतून खालची शेडची जमीन दिसत होती.
"आणि ही?"
"ती काढतात," दोघं एकदम म्हणाले.
"अठरा किलो वाचतात."
"फेरीला अर्धा सेकंद," गेथिनने भर घातली
आणि इद्वलचा चेहरा पाहून बाळाकडे वळला.

मी एका भोकात बोट घातलं.
गार होतं. कडेला जरा गंज.
"सीट बसवायची," मी म्हटलं.
"तू बसणार?"
"नाही."
"मग?"
"मग अठरा किलो घेऊन फिर."

त्याने डोकं खाजवलं. मनातल्या मनात
अर्धा सेकंद भागिले काहीतरी करून पाहिलं.
मग हसला, आईच्या वेळी हसला होता तसा,
हरल्याचं कळलंय पण जेवण मिळणार आहे, असा.

आता महिन्यातून एक रविवार तो जातो.
रिकाम्या सीटचा पट्टाही लावतो, म्हणे खडखडते.
मी एकदाच गेले. गवतावर बसले, थर्मास घेऊन.
पिवळी गाडी (मला रंग माहीत असावा म्हणून सांगते)
उताराआड जाते, मग नुसता आवाज,
मग आवाजही नाही,
तेवढा वेळ मी साखर ढवळायची थांबत होते.
उगाच. समोरून कोणी येत नाही तिथे.

खिडक्यांचं म्हणाल, तर एक मार्चमध्ये बदलली.
दुसरीला टेप आहे.
समुद्रावरून वारा आला की ती शीळ घालते,
आणि इद्वल काही न बोलता उठतो,
भांडी घासतो.