तापू दे

खोक्यावर नाव नव्हतं. पावती उंदरांनी खाल्लेली.
भुसावळच्या मालधक्क्यावर
बेवारस सामानाचा लिलाव झाला तेव्हा
सावद्याच्या भागवत बेंडाळ्यांनी
विहिरीवरची मोटर समजून बोली लावली.
वजन तेवढंच होतं.

बैलगाडीतून घरी आणलं, पहारीनं फळ्या उचकटल्या,
तर आत भुशात
अक्रोडाच्या लाकडाचं चकचकीत कपाट,
सोनेरी जाळी, दातांसारख्या पांढऱ्या कळा
आणि मधोमध काळी, फुगीर काच.
जर्मनीचं, असं कोणी शिकलेला म्हणाला.
"याचं पानी कुठून निघतं?" दारकाबाईंनी विचारलं.
गाव आठवडाभर हसलं.

यावलला बोलावणं आलं माझ्या बापाला.
रमजान तडवी, रेडिओ रिपेरर.
हँडलला मीटर, कॅरियरवर मी.
त्यानं पाठचा पुठ्ठा काढला
आणि कितीतरी वेळ हात न लावता
नुसता बघत बसला.
अठरा व्हॉल्व्ह. मी मोजले.
पट्टीवर परक्या गावांची नावं, वाचता येईनात.
बाप काटा फिरवत म्हणाला,
हे पाल, हे फैजपूर, हे रावेर,
पुढे सगळा परमुलूख.

बटण दाबलं की लगेच काही होत नसे.
आधी तारा लालसर, मग धुळीचा भाजका वास,
मग एक हिरवा डोळा किलकिला.
"बिघडलं काय?"
"तापू दे न भो," बाप म्हणायचा,
मे महिन्यात, सावद्यात,
केळीची पानं उभ्या उभ्या करपताना.

रात्री शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या
की तो डोळा मिटू लागे,
बातम्या सांगणारा खोल खोल जाई.
बेंडाळे म्हणत, गेला शेवटी विहिरीतच.

काळ्या काचेला मात्र काम नव्हतं.
आभाळात चित्रं नव्हतीच अजून.
वीस वर्षं दारकाबाईंनी
तिच्यात बघून कुंकू लावलं.
मुलगी सासरी गेली त्या संध्याकाळी
नुसत्याच उभ्या होत्या तिच्यासमोर.
मी पाठीमागे, हातात गरम डाग देणी,
श्वास धरून.

मग चित्रं आली.
बांबूला ॲल्युमिनियमच्या काड्या बांधल्या.
ओसरीत पन्नास माणसं, खिडकीत पोरं.
तापू दे, बाप म्हणाला.
तापलं.
एक पांढरी रेघ. आडवी.
या कडेपासून त्या कडेपर्यंत, बस.
आवाज मात्र स्वच्छ. नाटक चाललेलं.
"पीसीएल पंच्याऐंशी गेला," बाप माझ्या कानात,
"आता कुठून आणायचा?"
कोणी उठलं नाही.
रेघेत कोणीतरी रडलं, दार आपटलं,
रेघेत लग्न मोडलं.
दारकाबाई म्हणाल्या,
"सगळे निजूनच बोलतात काय व माय?"

आता दोघंही नाहीत. बाप तर कधीचाच.
बेंडाळ्यांच्या नातवानं पेटी माझ्याकडे धाडली,
भाडं मीच दिलं.
रेडिओ लागतो, थोडा वेळ घेऊन.
आणि बंद असतानाही
ती रेघ काचेवर जळून राहिलेली दिसते,
उभं राहून पाहिलं तर कपाळाच्या उंचीवर.
माझ्या नाही. बरीच खाली.
त्या ठेंगण्या होत्या.