टाचेचं माप

आयर्विन पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे
मी एकतीस वर्षं वाचले.
पावसाळ्यात तासातासाला, रात्री बॅटरीच्या उजेडात,
आणि फोनवर कळवले: चौतीस फूट सात इंच. चढतंय.
एवढंच.
काळजीला नोंदवहीत रकाना नव्हता.

आता माझी सुव्रता वारा वाचते,
मोझांबिकात, बेइरा नावाच्या बंदराच्या गावी.
मदत नेणाऱ्या छोट्या विमानांत
काय चढवायचं, काय मागे ठेवायचं, ती ठरवते.
माणसांनाही तिथे पिशवीसकट काट्यावर उभं करतात,
मार्केट यार्डातल्या हळदीच्या पोत्यागत.
"डॉक्टर जाडा निघाला ना अप्पा,
तर सलाईनचे दोन खोके उतरवावे लागतात,"
हसत सांगितलं होतं एकदा.

गेल्या आठवड्यात हसली नाही.
समुद्रात वादळ गोल फिरू लागलं होतं, त्याचं बारसंही झालं होतं,
आणि हिचं पहिलं काम काय,
तर विमानं पळवायची. आत, डोंगरापल्याड.
"ज्यांच्यासाठी आलो ते इथेच राहणार,
आणि आम्ही आधी पत्रे वाचवतोय.
कुंपणापाशी एक बाई मक्याची कणसं भाजते.
रोजच्यासारखा हात केला तिने विमानाला."

मी म्हटलं, पूर यायच्या आधी नाव वर ओढतात, पोरी.
बुडालेली नाव कुणाला काढते?
बरोबरच बोललो.
फोन ठेवल्यावर मात्र घोटभर पाणी प्यायलो.

त्या साली सांगलवाडीत आम्ही गच्चीवर होतो, तीन दिवस.
दिवस मावळता मावळता हेलिकॉप्टर आलं.
एक पाकीट शेजारच्या पत्र्यावर फुटलं,
बिस्किटं कृष्णामाईत,
एक आमच्या पदरात.
हिची आई सूर्यास्तानंतर काही तोंडात घालत नाही,
ते पाकीट उशाशी घेऊन उपाशी निजली.
आणि ही एकोणीस वर्षांची, दोन दिवसांची भुकेली,
वर बघत म्हणते,
"त्याने वारा धरलाच नाही. दोन घरं आधी सोडायला हवं होतं."

वादळानंतर तीन दिवस फोन नाही.
चौथ्या दिवशी, खरखरीतून:
डांबरी धावपट्टी पाण्याखाली.
आत एका खेड्यात शाळेमागे गवताची पट्टी आहे,
तिथला मास्तर फोनवर आहे,
त्याला माती कशी मोजायला सांगू अप्पा?

हे मात्र मला येत होतं.
पूर ओसरला की मळीवर पापुद्रा धरतो, आत लोणीच असतं.
म्हटलं, टाच रोवायला सांग.
सगळा भार एका टाचेवर.
बोटाचं एक पेर गेली तर चालेल,
दुसरं पेर बुडालं, तर विमान नको.
दर दहा पावलांवर, आणि कडेलाही,
आणि डोक्यावर पोतं घेऊन.

मग राहवलं नाही, म्हणालो,
आणि सुव्रता, मास्तर भुकेला असेल
तर त्याच्या टाचेवर जाऊ नकोस.
भुकेला माणूस माती घट्टच सांगतो.
मीही त्या साली गच्चीवर
तुझ्या आईला अर्धा फूट कमी सांगितला होता.

पलीकडे नुसती खरखर.
मग म्हणाली,
"तिथे पोट भरलेलं कुणीच नाही अप्पा.
मग कुणाची टाच धरू?"
आणि लाईन गेली.

फाल्गुन चाललाय. नदी पार तळाशी.
पुलावर वाचण्यासारखं काही नाही,
खांबावरचे वरचे आकडे उन्हात उगाच उभे.
सरकारी घाटाच्या पायऱ्या उतरून
मी चप्पल काढली,
सत्तर किलोंचा सगळा मी एका टाचेवर.
खळगा पडला.
बाजूने पाणी पाझरून आलं, सावकाश.

तिला मेसेज टाकला: एकोणीस सेकंदांत भरला.
तिच्या काय कामाचं, कुणास ठाऊक.
अजून एकच टिक आहे.
दुसऱ्या टाचेने पुन्हा मोजतो.