गिरमिट

हेल्वे आणि युलो
तार्तूच्या विद्यापीठात समोरासमोरच्या खोल्यांत बसतात.
मधल्या बोळात एकच हीटर, तोही बहुधा थंड.

त्यांचा वाद आमच्या जन्माआधीचा :
ढिगातून एक कांदा उचलला तरी ढीग ढीगच राहतो,
अजून एक उचलला तरी राहतोच,
मग मोडतो कधी?
हेल्वे म्हणते, रेघ आहे, केसाइतकी नेमकी.
आपल्याला दिसत नाही, हा काही रेघेचा दोष नव्हे.
युलो म्हणतो, रेघबिघ काही नाही.
मधे नुसता एक पट्टा आहे,
तिथे 'हो' खरं नाही नि 'नाही'ही खरं नाही.
आणि चष्मा पुसत बसतो.

मार्चमध्ये दोघं आम्हाला पेइप्सी तळ्यावर घेऊन गेले.
फेओफान म्हातारा पुढे, खांद्यावर गिरमिट,
आम्ही त्याच्या पावलात पाऊल टाकत मागे.
दर वीस पावलांवर तो भोक पाडायचा,
पट्टी आत सोडायचा.
पंचवीस सेंटिमीटर. बावीस. अठरा.
अठरा.
चौदा.

कितीपर्यंत चालतं? हेल्वेने विचारलं.
"माझा बाप म्हणायचा बारा. मी म्हणतो दहा.
धाकटा भाऊ नऊवर जायचा."
भाऊ आता काय करतो, ते कुणी विचारलं नाही.
थोड्या वेळाने तोच म्हणाला,
"नेमकं किती, ते बर्फाला माहीत."
हेल्वेने युलोकडे असं पाहिलं
की जणू साक्षीदार फुटला होता.

चौदाच्या भोकापाशी तो वळला.
पुढेही बर्फ तसाच होता, तितकाच पांढरा.

घरी त्याच्या बायकोने, अगाफियाने,
माशांचं कालवण वाढलं,
आणि त्या दोघांना एकाच बाकावर बसवलं.
तेव्हा आम्हाला कळलं, ही नवरा-बायको होती.
"वेगळे कधी झालात?" तिने सरळ विचारलं.
"नऊ ऑक्टोबर," युलो म्हणाला. "दुपारी."
हेल्वे वाडग्यातला काटा बाजूला काढत राहिली.
"त्याच्या कितीतरी आधी," ती म्हणाली.
"म्हणजे कधी?"
तिने खिडकीबाहेर पाहिलं.
काठ कुठे संपतो नि तळं कुठे सुरू होतं,
बर्फात काही कळत नव्हतं.

निघताना अगाफियाने कांद्यांची वेणी दिली,
दोघांत मिळून एक.
तार्तू येईपर्यंत ती मागच्या सीटवर होती,
दोघांच्या मधे.
सुरी कुणाकडेच नव्हती.