दम धरा

परभणीचा सरकारी दवाखाना, खोली नंबर नऊ.
काचेआडून मी दिवसाला सत्तर वेळा
एवढंच सांगतो :
दम घ्या. धरा. सोडा.

आज केवळाबाई आल्या, जिंतूरकडच्या.
थंड पाटीला छाती लावून उभ्या,
काळी पोत दातांत धरून.

बटण दाबलं.
तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी रडणं फुटलं
आणि मी ‘सोडा’ म्हणायचं विसरलो.

धावत गेलो तर
बाई तशाच. डोळे मिटलेले,
कपाळावर घाम.
"सोडा, मावशी, सोडा."

त्यांनी सोडला. पोत पदराला पुसली,
माझ्याकडे बघत राहिल्या.
"तू बी सोड की, बापू.
कवाचा धरून हायस?"

पडद्यावर डाव्या बाजूला
रुपयाएवढा डाग.

बाकावर सोळा माणसं.
पुढचं नाव पुकारायच्या आधी
मी सोडला.